वूच, कासा, कष्ट: इंग्रजी आणि पोलिश उच्चार आपल्या क-ख-ग च्या तक्त्यावरून कसे शिकायचे

पोलंडच्या नकाशात वॉर्सॉच्या खाली एक मोठं शहर दिसतं, स्पेलिंग बघून आपण ते लोड्झ असं वाचतो. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो वूच. चार अक्षरं आहेत आणि त्यातल्या एकाचाही उच्चार आपल्याला वाटला तसा नाही. मी राहतो त्या शहराचं पण तेच, आपल्याकडे कोणी व्रोक्लॉ म्हणतं कोणी रोक्लाव, इथे म्हणतात व्ह्रॉच़्वाफ. मी इथे आलो तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं की ही भाषा लिहितात एक आणि बोलतात दुसरं, पण तसं अजिबात नाहीये, पोलिशचं लिखाण इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. गडबड आपल्या कानात असते. कान ऐकलेला प्रत्येक नवा आवाज मराठीच्या एखाद्या ठरलेल्या खणात टाकतो आणि तोंड मग त्या खणातलाच आवाज बाहेर काढतं.

म्हणून हा लेख जरा मोठा लिहितोय. इंग्रजी आणि पोलिश दोन्ही भाषांमधले आवाज तोंडात कुठे आणि कसे तयार होतात ते एकेक करून बघू, आणि त्यासाठी नवीन काही पाठ करायला नको कारण शाळेत घोकलेली वर्णमाला हीच मुळात आवाजांच्या वर्गीकरणाचा तक्ता आहे. पाणिनी आणि शिक्षाग्रंथवाल्यांनी, म्हणजे उच्चारशास्त्रावरचे जुने संस्कृत ग्रंथ लिहिणाऱ्यांनी, स्थान, प्रयत्न, घोष, प्राण हे शब्द वापरून जे काम केलं तेच आज जगभरातले भाषाशास्त्राचे विद्यार्थी पहिल्या वर्षाला शिकतात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी बनवणारी संस्था पॅरिसमध्ये १८८६ साली सुरू झाली, तिच्या तक्त्यात पण आडवी स्थानं आणि उभे प्रयत्न असंच मांडलेलं असतं.

एक सांगून ठेवतो, या लेखात मी च खाली टिंब देऊन च़ लिहीन तेव्हा तो चाक मधला च समजा, साधा च म्हणजे चहा मधला. ज़ म्हणजे इंग्रजी झू मधला आवाज. व्ह म्हणजे व्हॅन मधला, आणि नुसता व म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला, वॉटर मधला. ख़ म्हणजे उर्दूतला घशाजवळून घासत येणारा.

पायरी पहिली: तोंडातली यंत्रणा हाताने तपासा

वाचून सोडू नका, खरंच करून बघा, एकटे असाल तर बरंच.

गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवा आणि स्स्स्स म्हणा, मग ज़्ज़्ज़्ज़ म्हणा. दुसऱ्याला बोटांखाली थरथर लागेल, कानात बोटं घालून केलंत तर भुंगा शिरल्यासारखं ऐकू येईल. ती थरथर म्हणजे स्वरयंत्रातले स्वरतंतू हलतायत, आवाज घोष आहे. थरथर नसेल तर अघोष. क आणि ग, त आणि द, प आणि ब मध्ये फरक एवढाच.

आता नाक चिमटीत धरा आणि म्म्म्म म्हणायचा प्रयत्न करा. लगेच अडकतं. कारण म म्हणताना ओठ बंद असतात आणि मऊ टाळू खाली येऊन हवा नाकातून सोडतो, म्हणजे हवेला तेवढीच वाट असते आणि ती तुम्ही बंद केलीत. हे अनुनासिक.

मग कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून तोंडासमोर धरा, ताट म्हणा आणि थाट म्हणा. थ ला पट्टी उडते. हा प्राण, म्हणजे हवेचा झोत, अल्प की महा.

शेवटची युक्ती मला सगळ्यात आवडते. एखादा घासणारा आवाज करता करता, समजा श, जीभ तशीच ठेवून आवाज थांबवा आणि हवा आत ओढा. तोंडात जिथे गार लागतं तिथेच जीभ टाळूच्या जवळ आहे, म्हणजे ते त्या आवाजाचं स्थान. स ला गार लागतं दातांमागे, श ला त्याच्या मागे टाळूला. पोलिशसाठी ही युक्ती सोन्यासारखी आहे, पुढे लागेलच.

पायरी दुसरी: प्रत्येक व्यंजनाला चार प्रश्न

कुठे होतो, कसा होतो, घोष आहे का, झोत आहे का. बस. वर्णमालेत पाच ओळी म्हणजे कुठे याचं उत्तर, मागून पुढे येत जाणारं, कंठ टाळू मूर्धा दात ओठ. मूर्धा म्हणजे ट म्हणताना वळलेली जीभ टेकते ती जागा. आणि ओळीतले पाच वर्ण म्हणजे झोत, घोष आणि नाक यांचं उत्तर. हे एवढं सुंदर रचलेलं आहे की मोठेपणी परत बघितल्यावर मला खरंच भरून आलं होतं.

फक्त कसा होतो या प्रश्नाकडे जरा जास्त लक्ष द्यायचं. त्याची परीक्षा सोपी, आवाज ताणता येतो का बघा. त, प, क ताणता येत नाहीत, हवा पूर्ण अडते आणि सुटते, हे स्पर्श. स, श, फॅन मधला फ हे श्वास संपेपर्यंत ताणता येतात, हवा फटीतून घासत जाते, हे घर्षक. आणि तिसरे म्हणजे च सारखे, सुरुवात ताणता येत नाही पण शेपूट ताणता येते, च् म्हणून सोडून द्या तर मागे श्श्श उरतो. च़ म्हणून सोडा, चाक मधला, तर मागे स्स्स उरतो. शाळेच्या तक्त्यात च ला स्पर्शांमध्येच बसवलंय पण आज त्याला स्पर्शघर्षक म्हणतात, आणि पोलिशमध्ये सगळा खेळ याच शेपटीचा आहे. याशिवाय र, ल, य, व सारखे मोकळे आवाज, त्यात हवा ना अडते ना घासते.

पायरी तिसरी: इंग्रजी, जिथे आपण अडकतो तेवढंच

इंग्रजीत अक्षरं २६ आणि ब्रिटिश धाटणीच्या बोलण्यात आवाज साधारण ४४ धरतात, २४ व्यंजनं आणि २० स्वर. बहुतेक व्यंजनं आपल्याकडे आहेतच, म्हणून फक्त जिथे पाय घसरतो त्या जागा सांगतो.

ट आणि ड. इंग्रजी टेबल मधला ट आपल्या ट पेक्षा पुढे आणि त पेक्षा मागे असतो. वरच्या दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा आहे तिथे जिभेचं टोक लागतं. आपल्या कानाला तो ट वाटतो म्हणून आपण जीभ मूर्ध्याकडे वळवतो, आणि भारतीय धाटणी म्हणून जी ओळखली जाते त्यात या ट ड चा मोठा हात आहे. जीभ न वळवता उंचवट्यावर टेकवा, एवढंच.

झोत. पिन, टिन, किन यांच्या सुरुवातीला इंग्रज माणूस चांगला झोत सोडतो, कागदाची पट्टी उडते. पण स्पिन म्हटलं की स नंतरच्या प ला झोत नाही. इंग्रजाला विचारलं तर तो दोन्ही प एकच म्हणेल कारण त्याच्या भाषेत झोताने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे ताट वेगळं आणि थाट वेगळा. ज्या आवाजाने शब्दाचा अर्थ बदलतो तो वेगळा स्वनिम, नुसता उच्चार बदलला आणि अर्थ तोच राहिला तर स्वनिम एकच. ही स्वनिमाची कल्पना पक्की करणाऱ्यांमध्ये एक पोलिश माणूस होता, यान बोदुएं द कुर्तने, वॉर्सॉजवळच्या राद्झीमिनमध्ये १८४५ साली जन्मलेला. तर मुद्दा असा की आपण पिन बिनझोताची म्हटली की इंग्रजाला ती बिन ऐकू येऊ शकते, कारण त्याचा ब शब्दाच्या सुरुवातीला फारसा घोष नसतो, तो झोतावरूनच ओळखतो. झोत द्या पण फ म्हणू नका, कारण शहरात आपण बहुतेक जण फ ओठ दात लावूनच म्हणतो. प म्हणा आणि त्याला ह चिकटवा.

थिन, थ्री मधला थ. आपला थ स्पर्श आहे, ताणता येत नाही. इंग्रजीतला ताणता यायला हवा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं लावा आणि हवा वाहती ठेवा, तीन आकडे मोजेपर्यंत आवाज चालू राहिला तर जमलं. दिस, दॅट मधला द म्हणजे तेच करून गळ्यात थरथर.

व्ह आणि व. मराठी व दोन्हींच्या मधला आहे, दात ओठाच्या जवळ येतात पण घासत नाहीत, म्हणून वेस्ट आणि व्हेस्ट आपल्या तोंडून एकच निघतात. आरसा घ्या. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठावर दिसले पाहिजेत, वेस्टला दात अजिबात दिसता कामा नयेत, ओठांचा नुसता गोल. हे इंग्रजीत नीट जमवलंत तर पोलिशमध्ये दुप्पट फायदा आहे.

बाकी ल चं एक लक्षात ठेवा. लीफ मधला ल पातळ आणि फील मधला जाड, जिभेचा मागचा भाग उचललेला. लंडनकडे तर मिल्क मधला ल जवळजवळ उ होतो. हे कशाला सांगतोय ते पुढे कळेल. र बद्दल फक्त एवढंच, इंग्रजी र ला जीभ कुठेच टेकत नाही.

पायरी चौथी: पोलिशच्या तीन ओळी

पोलिश शिकणाऱ्या मराठी माणसाला आधी आनंदाची बातमी. इथे त द प क सगळे बिनझोताचे, आणि त द दातांवरचे. अगदी आपले. हो साठी पोलिश शब्द आहे ताक. खरंच, ताक, फक्त आ जरा आखूड. ते किंवा हे साठी तॉ, घरासाठी दॉम. इंग्रजी बोलणारे लोक हा त जमवायला महिनोन्महिने घासतात, आपल्याला तो आयताच मिळालाय. र सुद्धा आपल्यासारखा कडक.

आता अवघड भाग, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

माझ्या शेजारी एक आजी राहतात, निवृत्त शिक्षिका. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, समोर चहाचा ग्लास, त्यात लिंबाची फोड, आणि कागदावर तीन शब्द लिहिले. पहिला कासा, म्हणजे दुकानातला पैसे द्यायचा काउंटर. दुसरा काषा, म्हणजे भरड दाण्यांचा शिजवलेला प्रकार, आपल्या कण्यांसारखा. तिसरा काशा, म्हणजे मुलीचं नाव. मी वाचले तर माझ्या तोंडून दुसरा आणि तिसरा एकच निघाला. त्यांनी काही न बोलता स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं आणि परत म्हटलं. काषाला ओठ पुढे आले, काशाला हसल्यासारखे बाजूला गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की हे दोन वेगळे आवाज आहेत. ऐकू यायला त्यानंतर दोन आठवडे लागले.

तर ओळी अशा आहेत.

पहिली, दातांची ओळ. आपला साधा स. जीभ पुढे, दातांमागे.

दुसरी, कडक ओळ. लिहिताना एस आणि झेड जोडून लिहितात. जीभ मागे ओढलेली, टोक उंचवट्याच्या मागे वर उचललेलं, जिभेचा मधला भाग मात्र सपाट, ओठ थोडे पुढे. आवाज जाड आणि खालच्या पट्टीतला. बरेच ध्वनिशास्त्रज्ञ याला मूर्धन्य म्हणतात, काही जण नाही म्हणतात. आपल्याकडे लिहायला ष आहे पण भाषा आणि आशा मध्ये बहुतेक जण एकच श म्हणतात, त्यामुळे ष म्हणा असं सांगून उपयोग नाही. त्यापेक्षा कष्ट हा शब्द अगदी सावकाश म्हणा. क…ष्ष्ष्ष…ट. ट यायचा आहे म्हणून जीभ आधीच मागे गेलेली असते. ट म्हणायच्या आधी थांबा. तो जो ष हवेत राहिला तो जवळजवळ पोलिश आवाज आहे, जीभ ट साठी वळते तितकी वळवू नका एवढंच.

तिसरी, मऊ ओळ. एस वर तिरकी रेघ, किंवा एस नंतर आय. जिभेचं टोक खाली, खालच्या दातांच्या मागे विसावलेलं, आणि जिभेची पाठ वर टाळूला भिडायला गेलेली. ओठ पसरलेले. आपला शिडी मधला श याच्या खूप जवळ आहे. आत हवा ओढायची युक्ती इथे करून बघा, दुसऱ्या ओळीला गार लागतं ते उंचवट्याच्या मागे आणि तिसऱ्या ओळीला टाळूवर चांगल्या रुंद पट्ट्यात.

इंग्रजी शिप मधला श या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो. म्हणून इंग्रजीवरून पोलिश शिकणाऱ्याची पंचाईत होते आणि म्हणूनच मी म्हणतो की इंग्रजी स्पेलिंगच्या मदतीने पोलिश उच्चार लिहून ठेवू नका.

आता गंमत बघा. या तीन जागा. प्रत्येक जागी एक घर्षक आणि एक स्पर्शघर्षक. आणि प्रत्येकाची अघोष घोष जोडी. ३ गुणिले २ गुणिले २, १२ आवाज झाले. बारा वेगवेगळे आवाज पाठ करायला गेलात तर डोकं फिरेल, पण तीन जागा जमल्या की बाकीचे आपोआप येतात. स ला गळ्याची थरथर द्या, ज़ झाला. स च्या आधी त अडवा, च़ झाला. कडक ष च्या आधी जीभ अडवा, तोच कडक च, मी तो ट्ष असा मनात लिहितो. मऊ श च्या आधी अडवा, आपला चहा मधला च, जवळपास जसाच्या तसा. कोणता च ते कळत नसेल तर शेपूट ताणा, स उरतोय, ष उरतोय की श.

आणि इथे मराठी माणसाला जे मिळालंय ते हिंदीवाल्यालाही नाही. चार आणि चारा यातले दोन च आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो, जेवण आणि जाड मधले दोन ज पण. पोलिशमध्ये काय ला च़ॉ म्हणतात, चोर म्हणताना लागतो तोच च़. इंग्रज माणसाला शब्दाच्या सुरुवातीला हा आवाज जमत नाही कारण त्याच्याकडे तो कॅट्सच्या शेवटीच येतो.

पण सावध राहायला हवं. मराठीत हा च़ बहुतेक अ आ उ ओ च्या आधीच येतो, इ आणि ए आले की जीभ टाळूकडे सरकते. माझा म्हणा आणि माझी म्हणा, झ बदलला ना? हीच सवय पोलिशमध्ये आड येते. किंमत साठी शब्द आहे च़ेना, मी किती तरी दिवस चहातला च घेऊन चेना म्हणत होतो आणि मला ते कळतही नव्हतं. त्यामुळे च़े आणि च़ि ची वेगळी प्रॅक्टिस करा, च़ा च़ा च़ा च़े असं म्हणत जीभ पुढेच धरून ठेवा. दुसरी सावधगिरी ज़ ची. जाड मधला ज आपण कधी द् लावून म्हणतो कधी नुसता घासून, मराठीत चालतं. पोलिशमध्ये हे दोन वेगळे. बकरी ती कॉज़ा, नुसता घासलेला. घंटा ती द्ज़्व्हॉन, आधी जीभ टेकलेली.

या ओळी चुकल्या तर अर्थ बदलतो हे मी बेकरीत अनुभवलंय. कृपया साठी प्रॉषे, कडक ष. मी मऊ श ने म्हटलं, प्रॉशे, ज्याचा अर्थ डुकराचं पिल्लू. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे योग्य शब्द उच्चारून पाव हातात दिला, आणि मी रस्ताभर ओठ पुढे काढून प्रॉषे प्रॉषे म्हणत घरी आलो.

अक्षरांबद्दल थोडं. पोलिशमध्ये ३२ अक्षरं आहेत आणि शिवाय जोडअक्षरं. एल वर आडवी रेघ म्हणजे गोल ओठांचा व. पूर्वी तो फील सारखा जाड ल होता, मग लंडनच्या मिल्कसारखा घसरत व झाला, लिखाणात मात्र ल राहिला. लास्का म्हणजे काठी, वास्का म्हणजे कृपा, स्पेलिंगमध्ये फक्त त्या रेघेचा फरक. डब्ल्यू अक्षर म्हणजे व्ह. ओ वर रेघ म्हणजे उ. आर-झेड आणि टिंबवाला झेड दोन्ही एकच, ष ची घोष जोडी, मी तो झ लिहितो. समुद्र मॉझे आणि कदाचित पण मॉझे, लिहिताना वेगळे, कानाला एक. सी-एच आणि एच दोन्ही ख़.

पायरी पाचवी: स्वर, आणि आपल्या अनुस्वाराची कमाल

स्वराला तीन प्रश्न. जीभ किती वर, जीभ पुढे की मागे, ओठ गोल की नाही. इ ए आ असं म्हणत जबडा कसा उघडत जातो बघा, मग उ ओ आ म्हणा.

इंग्रजीचे स्वर हे खरं डोकेदुखीचं काम आहे आणि एका लेखात संपणारं नाही. तीन गोष्टी आधी धरा. शिप आणि शीप मध्ये नुसती लांबी नाही, शिपला जीभ जरा खाली आणि सैल असते. बेट आणि बॅट मध्ये बॅटला जबडा खरोखर उघडा. आणि बनाना मधला पहिला आणि शेवटचा स्वर हा पुसट अ आहे, इंग्रजीत आघात नसलेल्या ठिकाणी बहुतेक स्वर असे पुसट होतात. फोटोग्राफ आणि फटॉग्रफी, आघात सरकला की स्वरच बदलतात. आपण प्रत्येक अक्षर भरून म्हणतो म्हणून आपलं इंग्रजी तोलून मापून बोलल्यासारखं वाटतं.

पोलिशमध्ये हे काहीच नाही. सहा तोंडी स्वर, ह्रस्व दीर्घ भानगड नाही, पुसटपणा नाही, आघात बहुतेक नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. ओ म्हणजे आपला ऑ, उघडा. फक्त वाय अक्षराचा स्वर नवीन, इ म्हणताना जीभ जराशी मागे आणि खाली घ्या. बिच मऊ इ ने म्हणजे मारणं, आणि हा वाय घालून म्हटलं तर असणं.

आणि शेपूटवाले दोन स्वर, ए खाली शेपूट आणि ई खाली शेपूट. पहिला सानुनासिक ऑ आहे, आ नाही, हे आधी डोक्यात बसवा. पुस्तकं इथे नियमांची मोठी यादी देतात आणि लोक घाबरतात. मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही कारण हा आपला अनुस्वार आहे. आंबा मध्ये अनुस्वाराचा म होतो, गंगा मध्ये ङ, पंथ मध्ये न, पुढच्या वर्णावरून ठरतं. पोलिशमध्ये हात म्हणजे रेंका, त्यात क च्या आधी ङ. दात अनेकवचनी ज़ेंबि, त्यात ब च्या आधी म. पाच म्हणजे प्येंच, त्यात च च्या आधी ञ. तोच नियम. आणि पुढे घर्षक आला तर? आपण संसार, सिंह म्हणताना स आणि ह च्या आधी नाकातला व काढतो, संव्सार, सिंव्ह. पोलिशमध्ये मिश्या म्हणजे व्हॉंव्सि, अगदी तोच नाकातला व. हे माझ्या लक्षात आलं त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं होतं. शब्दाच्या शेवटी ई-शेपूट आलं तर रोजच्या बोलण्यात नुसता ए, म्हणून प्रॉषे, आणि धन्यवाद म्हणजे जेंकुये.

पायरी सहावी: शेजाऱ्यामुळे बदलणारे आवाज

पोलिशमध्ये शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन टिकत नाही. मांजर कॉत, आणि कोड लिहिताना शेवटी डी आहे तरी उच्चार कॉतच. पाव ख़्लेप, लिहिताना शेवटी बी. क्राकुफ, व्ह्रॉच़्वाफ यांच्या शेवटचा फ असाच व्ह चा झालेला. म्हणून पोलिश माणूस इंग्रजी बोलताना डॉगचा डॉक करतो. इंग्रजीत कॅप आणि कॅब वेगळे राहायलाच हवेत, तिथे कॅबचा स्वर लांबतो हीच मुख्य खूण.

आणि व्यंजनं शेजारी आली की शेवटच्याप्रमाणे सगळी घोष किंवा अघोष होतात. वोदका हा शब्द इथे वुत्का नाही तर व्हुत्का असा ऐकू येतो, क मुळे द चा त. हे पण शाळेत झालंय, वाक् अधिक देवी वाग्देवी, व्यंजनसंधी. एकच उलटा नियम, आर-झेड आणि डब्ल्यू हे आधीच्या अघोषाचं ऐकतात. माफ करा म्हणजे प्षेप्राषाम, प मुळे झ चा ष.

आता लांबलचक शब्दांची भीती घालवू. पूर्वेला लुब्लिनकडे एक गाव आहे, ष्ट्षेब्झेषिन, १३ अक्षरांचं स्पेलिंग, पण आवाज मोजले तर ९. जोडअक्षरांभोवती पेन्सिलने गोल करा, मग मागून पुढे जोडत या, षिन, झेषिन, ब्झेषिन, ट्षेब्झेषिन, ष्ट्षेब्झेषिन. मागून जोडल्याने आघाताची जागा हलत नाही.

पायरी सातवी: रोज पंधरा मिनिटं

पहिले दोन आठवडे फक्त ऐका. कासा काषा काशा कोणाकडून तरी रेकॉर्ड करून घ्या, उलटसुलट लावून कोणता ते ओळखा, दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत बोलायची घाई नको, कारण कानाला न कळलेला फरक तोंड टिकवू शकत नाही. मग आरसा घेऊन ओठ, मग हवा आत ओढून जीभ, मग शेवटी शब्द. इंग्रजीसाठी पिन स्पिन ला कागदाची पट्टी, वेस्ट व्हेस्ट ला आरसा, थ्री ला तीन आकडे. एका दिवशी एकच फरक धरा. फोनवर स्वतःला रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको, कारण त्या दिवशी आपल्याला आपण बरोबरच वाटतो.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, म्हणजे कोल्हापूरच्या कानाला हे ष आणि श एकेकाळी बाजारात ऐकू येत असणार. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्या गावाचं नाव माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं वळिवडे. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ळ चा ल झाला. मग मी टेबलावरचा चमचा उलटा धरून जिभेचं टोक कसं मागे वळतं ते दाखवलं, त्यांनी हवा आत ओढून बघितली, आणि चौथ्यांदा ळ आला.